शिकारी पक्ष्यांची पारख



शहरांतील घराच्या गच्चीवरून एखाद्या मुलानें आकाशाकडे बोट करून, "हा कोणता पक्षी?" असें विचारलें, म्हणजे घरांतील वडील मंडळींकडून बहुधा एकच उत्तर मिळतें: "घार." पक्षी जरा मोठा वाटला तर "गरुड" म्हणून सांगण्यांत येतें. "गिधाड" हा शब्द तर कित्येक घरांत पक्ष्याऐवजीं हावरट माणसापुरताच उरला आहे. हीच मंडळी चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ हे पक्षी निरनिराळे ओळखतात. पोपटाला मैना म्हणण्याची चूक त्यांच्या हातून कधींच होत नाहीं. परंतु आंकडीसारखी चोच आणि तीक्ष्ण नखें असलेल्या पक्ष्यांचा प्रश्न निघाला कीं, दोन-तीन नांवांवर सारा व्यवहार उरकला जातो. वस्तुतः दिवसा शिकार करणाऱ्या किंवा मेलेल्या जनावरांवर उपजीविका करणाऱ्या अशा पक्ष्यांच्या साठांहून अधिक जाती भारतांत आढळतात, आणि घुबडें या हिशेबांत धरलेलीं नाहींत. महाराष्ट्रापुरतें पाहूं गेल्यास, बाराही महिने येथें राहणाऱ्या जातींत हिवाळ्यामध्यें मध्य आशियांतून व त्याहूनही उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांची भर पडते.

इतक्या जाती असतां त्यांची ओळख दोन-तीन नांवांतच कां अडकून पडते, जाणत्या निरीक्षकांचीही त्यांच्या बाबतींत फसगत कां होते, आणि या फसगतीनें नुकसान तरी कोणाचें होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पहिली अडचण खुद्द आकाशाचीच आहे. फांदीवर बसलेल्या बुलबुलाच्या शेजारीं पान असतें, फळ असतें. त्यांवरून त्याचा आकार नजरेंत भरतो. निळ्या आकाशांत एकट्याच फिरणाऱ्या पक्ष्याजवळ असें कोणतेंच माप नसतें. जवळचा लहान पक्षी आणि दूरचा मोठा पक्षी डोळ्याला सारखेच दिसतात. अशा वेळीं त्या पक्ष्याच्या मागें लागलेला एखादा कावळा दिसला, तर निरीक्षकाला फुकटची मोजपट्टीच मिळते! त्यांत सूर्य पलीकडे असला म्हणजे पांढरा, तपकिरी व करडा हे सारे रंग काळवंडून जातात. शिवाय हा पक्षी कोणाच्या सोयीसाठीं थांबत नाहीं. डोंगराच्या कडेवरून तो एकदां पलीकडे गेला कीं, पाहणाऱ्याच्या पदरांत पांच-दहा सेकंदांची आठवण तेवढी उरते, आणि आठवणींत उणें असलेलें मन स्वतःच भरून काढतें.

दुसरी अडचण रंगाची. नवशिका निरीक्षक पुस्तकांतील चित्राशीं पक्ष्याचा रंग ताडून पाहतो, आणि नेमका येथेंच तो फसतो. कोंकणच्या किनाऱ्यावर व खाड्यांच्या आसपास दिसणारी ब्राह्मणी घार घ्या. पांढरें शुभ्र डोकें, तशीच छाती आणि बाकीचें अंग विटकरी, अशा या पक्ष्याला ओळखण्यांत कोणाची चूक व्हावी? परंतु हा थाट वयांत आलेल्या पक्ष्याचा आहे. तिचें पिलूं घरट्यांतून बाहेर पडतें तेव्हां तपकिरी असतें, आणि मासळीबाजारावर घिरट्या घालूं लागलें कीं लोक त्याला नेहमींची घारच समजतात. दोघींतील भेद शेपटींत आहे. साध्या घारीच्या शेपटीला मध्यें खांच असते, ब्राह्मणी घारीची शेपटी गोलसर असते. हें वाचून निरीक्षक निश्चिंत होतो, तोंच साधी घार वळण घेतांना आपली शेपटी पंख्यासारखी पसरते आणि ती खांच दिसेनाशी होते! म्हणून क्षणभर वाट पाहावी लागते. घार आपली शेपटी सुकाणूसारखी सारखी फिरवीत असते. ती पुन्हा मिटली म्हणजे खांच दिसते आणि शंका फिटते. उतावळेपणा केला असता, तर याच एका क्षणांत नांव चुकलें असतें.

वयाप्रमाणें रंग बदलतो, तसा तो नर-मादीतही बदलतो. सासवड-भुलेश्वरकडील माळांवर हिवाळ्यांत गवताच्या शेंड्यांना जणूं चाटत जाणारे भोवत्ये येतात. त्यांतील माँटेग्यू आणि पांडुर या दोन जातींचे नर राखी रंगाचे असून त्यांच्या पंखांचीं टोकें काळीं असतात. माद्या मात्र तपकिरी असून त्यांच्या शेपटीच्या मुळाशीं पांढरा पट्टा असतो. एकाच जातीचे नर व मादी पाहून हे दोन निराळे पक्षी आहेत असें कोणालाही वाटावें. उलट या दोन निराळ्या जातींच्या माद्या एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात कीं, दुरून पाहिलेल्या मादीविषयीं, "दोहोंपैकीं एक" एवढेंच लिहून जाणकार निरीक्षक वही मिटतो. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी ही नराहून मोठी असते, हा आणखी एक घोटाळा आहे. त्यामुळें लहान जातीची मादी आणि मोठ्या जातीचा नर यांत आकारावरून निवाडा करणें कठीण होतें.

मधुबाज नांवाच्या पक्ष्याच्या बाबतींत तर वय आणि लिंग हीं दोन्ही ठाऊक असूनही भागत नाहीं. गांधीलमाशा व मधमाशा यांच्या पोळ्यांवर हा उपजीविका करतो, आणि डंखांपासून बचाव व्हावा म्हणून त्याच्या चेहऱ्यावर खवल्यांसारखीं घट्ट पिसें असतात. यांतील एखादा पोटाखालीं जवळजवळ पांढरा, दुसरा पट्ट्यापट्ट्यांचा, तर तिसरा गर्द तपकिरी असतो. काहींचा वेष तर एखाद्या बलाढ्य गरुडासारखा दिसतो. मग याला ओळखावें कसें? रंग बाजूला ठेवून डोकें पाहावें. एवढ्या मोठ्या देहाला कबुतरासारखें लहानसें डोकें आणि पुढें काढलेली सडपातळ मान पाहिली म्हणजे, अंगावरचा वेष कोणताही असो, मधुबाज लपत नाहीं. रंग हा पक्ष्याचा अंगरखा आहे. वय, ऋतु, पिसें झडण्याचा काळ, यांप्रमाणें तो बदलतो. अंगाची ठेवण मात्र सहसा बदलत नाहीं.

वेषानें फसवणुकीचा सर्वांत मनोरंजक प्रकार ज्यानें साधला, तो पक्षी मुळीं शिकारी वर्गांतलाच नाहीं. उन्हाळ्याच्या अखेरीस "पेरते व्हा, पेरते व्हा" असें ज्याचें ओरडणें शेतकऱ्याला ऐकूं येतें, तो पावशा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो ऐकूं येतो तितका दिसत नाहीं. दिसलाच, तर करडी पाठ, छातीवरच्या आडव्या रेघा, शेपटीवरचे पट्टे आणि उडण्याची रीति, हें सारें शिक्र्याचें! शिक्रा हा शहरांतील बागांतूनही वावरणारा लहानसा चपळ शिकारी. पावशा आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत घालतो, आणि शिक्र्याच्या या सोंगाचा त्याला तेथें उपयोग होत असावा. यूरोपांतील कुक्कू हा त्याचा दूरचा भाऊबंद. त्याच्यावर केंब्रिजच्या दोन संशोधकांनीं केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, दाणे टिपावयास आलेले लहान पक्षी कुक्कूच्या बाहुल्याला चिमणबाजाच्या बाहुल्याइतकेच भितात. छातीवरच्या रेघा झांकून टाकल्या म्हणजे मात्र कुक्कूची भीति कमी होते. हे प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांचा जीवच ओळखीवर अवलंबून आहे, ते पक्षी जेथें फसतात, तेथें गच्चीवरच्या माणसानें फसण्यांत लाज कसली? तरीही माणसापाशीं तपासाचीं साधनें अधिक आहेत. पावशाची चोच आंकडीसारखी नसते, पाय दुबळे असतात, आणि ओरडूं लागला कीं तो आपलें सोंग आपणच उघडें करतो.

तेव्हां पारख करावी कशी? अनुभवी निरीक्षक प्रथम पक्ष्याची ढब पाहतो. ओळखीचा मनुष्य दूर रस्त्यावरून जात असतां त्याचा चेहरा दिसत नाहीं, तरी चालीवरून तो ओळखूं येतो. तशीच ही गोष्ट आहे. ससाण्यांचे पंख विळ्याच्या पात्यासारखे टोकदार असतात व ते सरळ वेगानें जातात. शिक्र्याच्या वर्गांतील पक्ष्यांचे पंख आंखूड व गोलसर, शेपटी लांब. झाडाझुडपांतून वळणें घेत जाण्यास हीच रचना सोयीची. गरुडांचे पंख फळ्यांसारखे रुंद असून त्यांच्या टोकांचीं पिसें पसरलेल्या बोटांप्रमाणें सुटीं दिसतात. गिधाडांचे पंख त्याहून विस्तीर्ण, आणि शेपटी त्या मानानें अगदीं तोकडी. भोवत्ये पंख किंचित् वर उचलून तरंगत जातात. एवढें ध्यानांत आलें म्हणजे निदान घराणें ठरतें. जातीचा विचार त्यानंतर करावा.

घराणें ठरल्यावर स्थळ व काळ हे दोन साक्षीदार बोलवावेत. कडा आहे कीं माळ, तळें आहे कीं दाट रान? महिना कोणता? यूरोप व आशियांतील गवताळ मैदानांतून येणारा स्टेप गरुड उन्हाळ्यापूर्वींच उत्तरेस परततो. जून महिन्यांत दख्खनच्या माळावर तो दिसल्याचें कोणी सांगितलें, तर सांगणाऱ्याला अधिक पुरावा मागणेंच रास्त होय. शेवटीं बारीक खुणा. शिक्र्याच्या पंखाच्या टोकाला पांच बोटें मोजतां येतात, तर हिवाळ्यांत येणाऱ्या त्याच्याच वर्गांतील चिमणबाजाच्या पंखाला सहा. स्टेप गरुडाच्या तोंडाची पिवळी चीर डोळ्याच्या मध्याच्याही मागें जाते, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या तपकिरी गरुडाची ती डोळ्याच्या मध्याखालींच थांबते. इतक्या सूक्ष्म गोष्टीवर दोन मोठ्या गरुडांचा निर्णय अवलंबून असतो.

मात्र खूण कितीही चांगली असली, तरी एकट्या खुणेवर विसंबूं नये. शेतावर हवेंत एकाच जागीं पंख फडफडवीत थांबणारा पक्षी दिसला कीं, कोणी चटकन् "खरुची" म्हणून मोकळा होतो. परंतु खरुची हा लहान तांबूस ससाणा जसा असा थांबतो, तशीच कापशीही थांबते. आणि सापांवर जगणारा भला मोठा सापमार गरुडही हीच युक्ति करतो. कापशीचे तांबडे डोळे व खांद्यावरचा काळा डाग पाहावा, खरुचीची लांब शेपटी व तिच्या टोकाचा काळा पट्टा पाहावा, आणि मगच निकाल द्यावा. कोंकण किनाऱ्यावर तर याहून मोठी गंमत होते. पांढरें अंग, पंखांची मागची कड काळी आणि शेपटी पाचरीसारखी, हें वर्णन समुद्रगरुडालाही लागू पडतें व उकिरड्यांवर येणाऱ्या पांढऱ्या गिधाडालाही! एक रुबाबदार मासेमार, दुसरा गांवचा झाडूवाला. वर्णन एक, धंदे दोन. समुद्रगरुड पंख वर उचलून तरंगतो, गिधाड ते जवळजवळ आडवे धरतें आणि त्याचा चेहरा पिवळा व उघडा असतो. तीन खुणा जुळल्या आणि चौथी जुळली नाहीं, तर त्या चौथीलाच अधिक मान द्यावा.

ही विद्या आजची नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लास या ग्रंथांत बाज व ससाणे उडवून शिकार करण्याच्या विनोदाचें प्रकरण आहे. पुढच्या काळांतील बाजदार हातावरच्या पक्ष्यांचे दोन वर्ग करीत: काळ्या डोळ्यांचे आणि फिकट डोळ्यांचे. ससाणे पहिल्यांत, शिक्रा व त्याचे भाऊबंद दुसऱ्यांत. चोच सारखी, नखें सारखीं, आहार सारखा. मग केवळ डोळ्यांच्या रंगावरून एवढा भेद कशाला, असें एखाद्या ग्रंथपंडिताला वाटलें असतें. परंतु २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांच्या आनुवंशिक अभ्यासांतून असें दिसून आलें कीं, ससाणे हे शिक्रा-गरुडांपेक्षां पोपटांना अधिक जवळचे आहेत! बाजदारांनीं रोजच्या सहवासांतून जी सीमारेषा ओळखली होती, ती खरीच ठरली. आकाशांत उडणाऱ्या पक्ष्यांची पारख मात्र ग्रंथांत फार उशिरां आली. यूरोपांतील शिकारी पक्षी केवळ उडतांना कसे ओळखावेत या एकाच विषयाला वाहिलेलें इंग्रजी पुस्तक १९७४ सालीं निघालें, आणि आपल्या उपखंडांतील शिकारी पक्ष्यांवरचा रिशाद नवरोजी यांचा विस्तृत ग्रंथ २००६ सालीं प्रसिद्ध झाला.

हें सारें ऐकून एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील, "घारीला गरुड म्हटलें, तर बिघडलें काय?" त्याचें एक उत्तर शेतावर आहे. कोंबडीचें पिलूं घारीनें पळविलें, म्हणजे शेतकरी चिडतो. आणि पुढें घिरट्या घालणारा जो पक्षी दिसेल त्याच्यावर गोफण चालवितो. तो दगड लागतो बहुधा कापशीला, जी त्याच्याच शेतांतील उंदीर खाते, किंवा भोवत्याला, जो त्याच्या पिकावरील टोळ टिपतो. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, तीही उपकारकर्त्याला! नांव चुकलें म्हणूनच हा अन्याय घडला.

दुसरें उत्तर याहून गंभीर आहे. १९८० च्या सुमारास भारतांत गिधाडें इतकीं विपुल होतीं कीं, त्यांची मोजदाद करावी असें फारसें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. पुढें राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यांत तीं झपाट्यानें कमी होत असल्याचें विभु प्रकाश यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. कारण २००४ सालीं उघड झालें. दुखण्यावर गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करीत होतें. २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर भारतांत बंदी आली. तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रस्त्यांवरून मोटारीनें फिरून मोजलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं २००७ पर्यंत हजारांत अवघें एक उरलें.

आतां पारखीचा प्रश्न येथें कसा आला तो पाहावा. लांब चोचीचीं म्हणून जीं गिधाडें मोजलीं जात, त्यांत वस्तुतः दोन जाती होत्या. एक दख्खन व मध्य भारताकडची, कड्यांवर घरटें करणारी. दुसरी गंगेच्या खोऱ्यांतील, हिमालयाच्या पायथ्याची व आसामकडची, झाडावर घरटें करणारी, मानेनें कृश व चोचीनें बारीक. या दोन स्वतंत्र जाती आहेत असें २००१ सालीं मांडण्यांत आलें. परंतु पहिली मोजणी तर त्यापूर्वींच झाली होती! त्यामुळें तुलना करतांना दोहोंचे आंकडे एकत्रच धरावे लागले, आणि दोन्ही मिळून शंभरांत सुमारें तीन उरलीं एवढेंच सांगतां आलें. त्यांतील बारीक चोचीच्या जातीनें नेमकें किती गमावलें, हें त्या आंकड्यांतून कोणालाच वेगळें काढतां येत नाहीं. ती आज सर्वांत विरळ जातींपैकीं एक आहे. ज्याचें नांव वेगळें लिहिलें गेलें नाहीं, त्याचा ऱ्हासही वेगळा दिसला नाहीं. आतां हरियाणांतील पिंजोर येथील संवर्धन-केंद्रांत या दोन्ही जातींची व पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची पैदास करण्यांत येते. अशा स्थितींत रानांत दिसलेल्या एकेका गिधाडाची अचूक नोंद म्हणजे काय मोलाची वस्तु आहे, तें निराळें सांगावयास नको.

पक्ष्याची नोंद ही एक साक्ष आहे. न्यायालयांतील साक्षीदारानें जें पाहिलें तेंच सांगावें, ऐकीव किंवा तर्कानें जोडलेलें सांगूं नये, असा दंडक असतो. तोच येथेंही पाळला पाहिजे. आज कित्येकांच्या हातीं चांगले कॅमेरे आले आहेत, आणि चित्र घरीं आणून निवांत तपासतां येतें, ही मोठीच सोय झाली. परंतु छायाचित्रही एका क्षणाचेंच असतें. त्या क्षणीं शेपटी पसरलेली असली तर खांच दिसत नाहीं, ऊन मागून आलें असलें तर रंग खोटा उतरतो. म्हणून चित्रासोबत वही असावी. तींत स्थळ, तारीख, वेळ, प्रकाशाची दिशा, पंखांची ठेवण, शेपटीचा आकार आणि पक्षी काय करीत होता, हें प्रथम लिहावें; नांव सर्वांत शेवटीं. नांव आधीं लिहिलें कीं, पुढचें वर्णन त्या नांवाला जुळेल असेंच हातून उतरूं लागतें.

आणि कित्येक वेळां नांवाची जागा रिकामीच सोडावी लागते. दिवसभर उन्हांत हिंडून आलेल्या माणसाला तें जड वाटतें, सोबत्यांपुढें संकोचही वाटतो. तथापि "मोठा गरुड, जाति ठरली नाहीं" ही ओळ लिहिणारा निरीक्षक आपल्या वहींतील बाकीच्या सर्व ओळींची किंमत वाढवितो, कारण जेथें त्यानें नांव दिलें आहे, तेथें तें खात्री करूनच दिलें असणार, असा विश्वास वाचणाऱ्याला वाटतो. तेव्हां गच्चीवरच्या मुलानें पुन्हा विचारलें, तर वडील मंडळींनीं "घार" म्हणून वेळ मारून नेण्याऐवजीं त्यालाच विचारावें: शेपटीला खांच आहे का? पंख टोकदार आहेत कीं रुंद? फडफडतो आहे कीं तरंगतो आहे? नांव त्या दिवशीं मिळालें नाहीं तरी चालेल. पाहण्याची संवय लागेल, आणि पुढचीं सारीं नांवें त्या संवयीच्या मागोमाग येतील.